फ्रिजच्या दारातील बाटल्या आणि आपली जबाबदारी

अन्नपानाचा विचार करताना आपल्या आचार्यांनी काय खावे आणि किती खावे एवढेच सांगून लेखणी ठेवलेली नाही. कोणता पदार्थ कोणत्या पात्रात घ्यावा आणि तो जेवणाऱ्याच्या कोणत्या बाजूस मांडावा, याचाही विधी त्यांनी दिला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६ व्या अध्यायात तूप लोखंडाच्या पात्रात, पेया रुप्याच्या पात्रात आणि राग, षाडव, सट्टक हे चटकदार पदार्थ काचेच्या किंवा स्फटिकाच्या थंड पात्रात द्यावेत असे सांगितले आहे. फळे व कोरडे पदार्थ उजवीकडे, पातळ पदार्थ डावीकडे आणि गुळाचे प्रकार व रागषाडव समोर मध्यभागी, अशी त्यांची मांडणी आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात आहारद्रव्यांचे बारा वर्ग करताना तेल, सुंठ, मिरी, हिंग, लवणे इत्यादींचा ‘आहारयोगी’ नावाचा स्वतंत्र वर्ग शेवटी दिला आहे. भोजनाला साहाय्य करणारी ही द्रव्ये प्रमाणाने अल्प असली तरी त्यांना त्यांचे स्वतंत्र स्थान आहे, हा त्यामागील आशय.

आजच्या गृहस्थाच्या घरी हा आहारयोगी वर्ग आणि हे रागषाडव बहुतांशी फ्रिजच्या दारात उभे असतात. त्यांना ना उजवी बाजू उरली आहे ना डावी. जिथे जागा दिसेल तिथे बाटली सरकवायची, हाच विधी. आणि याच दारात, टोमॅटो सॉस व लोणच्याच्या शेजारी, आपण दिलेली औषधेही जाऊन बसतात. या विषयाकडे आमचे लक्ष एका प्रसंगाने वेधले. तो प्रसंग आम्हाला भूषणावह नाही. तथापि व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून तो येथे प्रांजळपणे मांडत आहोत.

एका उन्हाळ्यातील प्रसंग

आमच्याकडे संधिवातासाठी उपचार घेणाऱ्या एक अडुसष्ट वर्षांच्या आजी आहेत. त्यांना आम्ही पोटात घेण्यासाठी दशमूलारिष्ट आणि गुडघ्यांना चोळण्यासाठी विषगर्भ तेल दिले होते. दोन्ही औषधे मोठ्या बाटलीतून १०० मि.लि.च्या लहान बाटल्यांत भरून दिली. बाटल्या एकाच आकाराच्या, एकाच तपकिरी काचेच्या आणि एकाच पांढऱ्या झाकणाच्या होत्या. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी डकवून साध्या शाईच्या पेनाने नाव लिहिले होते. अनेक वर्षे आमच्या दवाखान्यात हीच रीत होती आणि तीत काही चुकते आहे असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

मे महिना होता. सूनबाईंनी ‘औषध आहे, उन्हाने बिघडेल’ या सद्भावनेने दोन्ही बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवल्या. फ्रिज दिवसातून अनेकदा उघडला जातो आणि प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत शिरून थंड काचेवर पाणी सुटते. आठ-दहा दिवसांत एका बाटलीवरची शाई पसरली, दुसरीवरची चिठ्ठी गळून पडली. एके दिवशी संध्याकाळी दिवे गेलेले असताना आजींनी सवयीने दारातली बाटली काढली, चमच्यात ओतली आणि पाणी मिसळण्याआधीच तो चमचा तोंडात रिकामा केला. तेलकट चव लागताच त्यांनी बरेचसे थुंकून टाकले, पण काही भाग गिळला गेलाच. थोड्याच वेळात जीभ चुणचुणू लागली, ओठ बधिर झाले आणि छातीत धडधडू लागले.

विषगर्भ तेलात वत्सनाभ असतो हे येथे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. औषधाचे नावच सावध करणारे आहे, मात्र ते नाव बाटलीवर शिल्लक असेल तर! आजींच्या चिरंजीवांचा दूरध्वनी आला तेव्हा, खरे सांगायचे तर, क्षणभर ‘घाबरू नका, काही होत नाही’ हे नेहमीचे वाक्य आमच्याही ओठांवर आले होते. ते आवरून आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. घरी ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नका, बाटली सोबत घ्या आणि या क्षणी रुग्णालय गाठा. आम्हीही पाठोपाठ तेथे पोहोचलो आणि बाटलीत काय आहे, त्यात कोणते द्रव्य आहे, हे तेथील डॉक्टरांना स्पष्टपणे सांगितले. वत्सनाभाच्या विषबाधेत हृदयाची गती अनियमित होण्याचे भय असते आणि त्यावर नेमका उतारा नाही. हृदयावर सतत लक्ष ठेवणे व उद्भवेल त्या लक्षणावर उपचार करणे हाच मार्ग असतो. आजींना रात्रभर निरीक्षणाखाली ठेवले. सुदैवाने मात्रा अल्प होती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्या घरी आल्या.

त्यांच्या घरून आम्हाला एका शब्दानेही दोष दिला गेला नाही. उलट सूनबाईच डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, माझंच चुकलं. मी बाटल्या नीट ठेवायला हव्या होत्या.” चूक त्यांची नव्हती. बाटल्या कुठे ठेवायच्या, हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते.

फ्रिज उघडून पाहिला तेव्हा

त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या अनुमतीने तो फ्रिज संपूर्ण रिकामा करून ओट्यावर मांडला. दार व वरचा कप्पा मिळून लहान-मोठ्या २७ बाटल्या व डब्या निघाल्या. टोमॅटो सॉसच्या दोन उघड्या बाटल्या, शेजवान चटणी, मेयोनीज, चिंच-खजुराची चटणी, व्हिनेगर, कैरीचे व लिंबाचे लोणचे, आले-लसूण पेस्ट, तेलात बुडवून ठेवलेल्या सोललेल्या लसणीच्या पाकळ्या, ओल्या नारळाची तीन दिवसांची चटणी, गोडा मसाला, हिंगाची डबी, घट्ट झालेला मध, च्यवनप्राशाचा डबा, साजूक तूप, आमच्या उरलेल्या बाटल्या, डोळ्यांत घालायचे थेंब आणि आजोबांचे इन्सुलिन. इन्सुलिनची कुपी सॉसच्या बाटलीला टेकून दारातच उभी होती.

हे घर निष्काळजी नव्हते. सुशिक्षित, स्वच्छताप्रिय असे ते कुटुंब आहे. आपल्यापैकी कोणीही आज घरी गेल्यावर स्वतःच्या फ्रिजचे दार उघडून पाहावे. चित्र फारसे वेगळे दिसणार नाही, असे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

थंडावा कोणास हवा, कोणास नको

फ्रिज म्हणजे सर्व पदार्थांचे आयुष्य वाढवणारी पेटी, हा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः थंडाव्याने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. लिस्टेरियासारखे काही जंतू तर फ्रिजच्या थंडाव्यातही वाढू शकतात. आतले तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली असावे अशी अपेक्षा असते. मात्र दार हा फ्रिजचा सर्वांत उष्ण भाग. दर वेळी उघडताना तेथील तापमान वर-खाली होते. म्हणून दारात काय ठेवावे याचा निर्णय द्रव्याच्या प्रकृतीवरून घ्यावयास हवा. त्या दिवशी आम्ही सर्व जिन्नसांचे चार गट केले.

पहिला गट फ्रिजची मुळीच गरज नसलेल्यांचा. भरपूर मीठ व वर तेलाचा थर असलेले मुरलेले लोणचे, साजूक तूप, कोरड्या चटण्या, मसाले, हिंग, कोकमाचे खारे आगळ आणि मध हे पदार्थ मीठ, तेल, आम्लता किंवा जलांशाची अल्पता यांच्या बळावर बाहेरच टिकतात. मसाल्याची डबी थंड फ्रिजमधून काढून गरम स्वयंपाकघरात उघडली की आत ओल धरते. म्हणजे टिकवण्यासाठी ठेवलेला मसाला त्याच कारणाने गुठळ्या धरून बिघडतो. हिंगाचा वास तर अख्ख्या फ्रिजला लागतो.

मधाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण तो आपले नित्याचे अनुपान आहे. साधारण १४ अंश सेल्सिअसच्या आसपास मधाचे कण सर्वांत जलद धरतात. फ्रिजमध्ये ठेवणे-काढणे यात मध या तापमानातून वारंवार जातो आणि लवकर रवाळ होतो. मग गृहिणी तो पातळ करण्यासाठी बाटली उकळत्या पाण्यात ठेवते. मधाला उष्णतेचा संपर्क संहितांनी निषिद्ध मानला आहे आणि मध तापवल्याने त्यात हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युरल या द्रव्याचे प्रमाण वाढते, हे आधुनिक परीक्षणातूनही दिसते. म्हणजे एका चुकीच्या जागेतून अनुपानाचा दोष उत्पन्न होतो आणि गुण आला नाही म्हणून रुग्ण आपल्या चूर्णाला बोल लावतो. औषधविक्रेत्यांकडेही ‘मधात साखर आहे’ अशी तक्रार घेऊन येणारे ग्राहक पुष्कळदा हाच रवाळ मध घेऊन आलेले असतात. कण धरणे हे भेसळीचे प्रमाण नव्हे, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे.

दुसरा गट बंद असताना बाहेर चालणाऱ्या, पण उघडल्यानंतर थंडाव्यात ठेवावयाच्या पदार्थांचा. टोमॅटो सॉस, शेजवान चटणी, मोहरीची पेस्ट, जाम, तसेच हल्ली मिळणारी कमी मिठाची व कमी तेलाची लोणची यांत मोडतात. रक्तदाबाच्या रुग्णाला आपण ‘लोणच्यात मीठ कमी घाला’ असे सांगतो. परंतु मीठ कमी केले की ते लोणचे जुन्या लोणच्यासारखे कपाटात टिकणार नाही, हे सांगावयास विसरतो. सॉस, व्हिनेगर यांसारखे आम्ल पदार्थ दाराच्या कप्प्यात ठेवण्यास हरकत नाही. मेयोनीज मात्र आतल्या फळीवर असावे.

तिसरा गट अल्पायुषी पदार्थांचा. ओल्या नारळाची चटणी, पुदिना-कोथिंबिरीची चटणी, घरी वाटलेली आले-लसूण पेस्ट हे आतल्या थंड भागात, लहान डबीत, एक-दोन दिवसांपुरतेच असावे. पर्युषित अन्नाविषयी आपण रुग्णांना जे सांगतो ते चटणीलाही लागू आहे. कच्च्या लसणीच्या पाकळ्या तेलात बुडवून ठेवणे हा प्रकार विशेष धोक्याचा आहे. तेलाखाली हवा नसते आणि लसणीत आम्लता पुरेशी नसते. अशा स्थितीत बोटुलिझमचे जंतू विष निर्माण करू शकतात आणि वासावरून किंवा चवीवरून ते कळत नाही. असे तेल ताजेच करून वापरावे, साठवून ठेवू नये. औषधार्थ विधिपूर्वक सिद्ध केलेल्या, जलांश आटलेल्या तेलाची गोष्ट वेगळी. या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

चौथा गट औषधांचा, आणि येथे दोष आपल्याकडे येतो. आसव-अरिष्टांना फ्रिजची गरज नाही. त्यांत स्वयंजनित मद्यांश असतो. झाकण घट्ट लावून सावलीत ठेवले की पुरे. च्यवनप्राशादी अवलेह थंडाव्यात घट्ट होतात, साखरेचे कण धरतात आणि बाहेर काढल्यावर तोंडाशी पाणी सुटून बुरशीला निमंत्रण मिळते. त्यांना हवा फक्त कोरडा चमचा. बाह्योपयोगाची तेले फ्रिजमध्ये कधीच नसावीत. खोबरेल तेल तर साधारण २४ अंशांखाली गोठते आणि तिळाचे तेल दाट होऊन अंधुक प्रकाशात एखाद्या पाकासारखे दिसते. काढा रोज ताजा करावा. अगदीच निरुपाय असल्यास सकाळचा सायंकाळपर्यंत झाकून ठेवावा, दुसऱ्या दिवसावर नेऊ नये. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, मधल्या फळीवर, झाकणाच्या डबीत असावी. ती दारातही नको आणि बर्फाच्या कप्प्याजवळही नको, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

मांडणीचा साधा विधी

या चार गटांवरून आम्ही त्या घरी मांडणी केली. दाराच्या वरच्या कप्प्यात आंबट-खारट बाटल्या, खालच्या कप्प्यात फक्त पाणी व सरबते. मधल्या फळीवर एका ट्रेमध्ये रोजच्या ओल्या चटण्या, म्हणजे ट्रे बाहेर काढला की सर्व डब्या एकदम दिसतात आणि मागे काही दडून राहत नाही. प्रत्येक उघडलेल्या बाटलीवर चिकटपट्टी व तीवर उघडल्याची तारीख. नवी बाटली मागे, जुनी पुढे, आणि जुनी संपल्याखेरीज नवी उघडायची नाही. भाजी आणण्याचा जो वार असेल त्याच्या आदल्या दिवशी दार रिकामे करून पुसायचे. इन्सुलिन व डोळ्यांचे थेंब एका झाकणाच्या डब्यात, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘औषध’. बाकी सर्व औषधे फ्रिजबाहेर, पोटात घेण्याची एका फळीवर व चोळण्याची दुसऱ्या खोलीत.

सूनबाईंनी एक रास्त शंका विचारली. “आमच्याकडे वीज फार जाते, मग फ्रिजचा उपयोग काय?” दार न उघडल्यास सुमारे चार तास आतला थंडावा टिकतो. त्याहून अधिक काळ वीज नसेल तर तिसऱ्या गटातील चटण्या टाकून द्याव्यात, असे आम्ही सांगितले. २७ पैकी ११ बाटल्या बाहेरच्या कपाटात गेल्या, सहा टाकून द्याव्या लागल्या. दार हलके झाले आणि रबराची पट्टी नीट बसू लागली, हा आणखी एक लाभ.

आमच्या दवाखान्यात केलेले बदल

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१ नुसार, विक्रीसाठी तयार होणाऱ्या बाह्योपयोगाच्या आयुर्वेदिक औषधावर तसा स्पष्ट उल्लेख असणे उत्पादकावर बंधनकारक आहे. नियम १६१-बी मध्ये औषधांच्या वीर्यकालावधीची तरतूद आहे. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास कायद्याने परवान्यातून सूट दिलेली आहे. ही सूट आपल्या परंपरेवर ठेवलेला विश्वास आहे. परंतु त्या सुटीच्या आडोशाने आपली बाटली उत्पादकाच्या बाटलीपेक्षा मुकी राहावी, असा तिचा अर्थ खचित नाही.

आम्ही पुढीलप्रमाणे बदल केले. एक, वत्सनाभ, धत्तूर, कुचला अशी विषद्रव्ये असलेली औषधे सुटी भरून देणे संपूर्ण बंद केले. ती मूळ उत्पादकाच्या वेष्टनातच देतो. दोन, चोळण्याची तेले रुंद तोंडाच्या, लाल झाकणाच्या बाटलीतच देतो. आसवाच्या आकाराची बाटली तेलासाठी कदापि वापरत नाही. तीन, चिठ्ठीवरील अक्षरे न पसरणाऱ्या शाईने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावतो. चार, औषधाच्या नावाखाली दोन ओळी ठरवून टाकल्या आहेत. पहिली ‘पोटात’ किंवा ‘फक्त बाहेरून’, दुसरी ‘फ्रिजमध्ये नको’ किंवा ‘फ्रिजमध्ये’. पाच, दिल्याची तारीख. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी आणि गुटिका-लेहांचे एका वर्षाने हीन होते असे म्हटले आहे, तर आसव, धातू व रस जुने गुणवान मानले आहेत. तारीखच नसेल तर हा विवेक रुग्णाने करावा कसा?

या सर्वांचा खर्च नगण्य आहे. वेळ मात्र लागतो. प्रत्येक रुग्णामागे साधारण एक मिनिट अधिक जाते आणि गर्दीच्या दिवशी ते मिनिट जड वाटते. तसे वाटू लागले की आम्हाला त्या संध्याकाळचा दूरध्वनी आठवतो.

औषधविक्रेत्यांस विनंती

औषधविक्रेते बंधु-भगिनींच्या हाती या साखळीचा शेवटचा दुवा असतो. रुग्ण वैद्याचे बोलणे दवाखान्याच्या पायरीवरच निम्मे विसरतो. दुकानातून बाटली हातात देताना ‘ही फ्रिजमध्ये ठेवू नका’ किंवा ‘ही चोळण्याची, वेगळी ठेवा’ एवढे एक वाक्य उच्चारले तरी ते त्याच्या घरापर्यंत पोहोचते. मध, च्यवनप्राश व अरिष्टे यांच्या फळीशेजारी ‘यांना फ्रिजची आवश्यकता नाही’ अशी पाटी लावता येईल. एकाच वेष्टनात पोटातील व बाह्य औषध बांधून देऊ नये, दोन वेगळ्या पिशव्या कराव्यात. ज्येष्ठ रुग्ण एकटा आला असेल तर बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून द्यावे.

मागील महिन्यात त्या आजी तपासणीस आल्या होत्या. गुडघे ठीक आहेत. जाताना पिशवीतून त्यांनी आमच्याच दवाखान्याची एक बाटली काढून टेबलावर ठेवली. चिकटपट्टीची एक कड सुटली होती. म्हणाल्या, “हिची चिठ्ठी सुटतेय, तेवढी नीट करून द्या. मग नेते.” आम्ही ती पुन्हा चिकटवली, त्यांनी ती वाचून पाहिली आणि मगच पिशवीत ठेवली.

आपल्या प्रत्येक रुग्णाने बाटली वाचून पाहावी आणि वाचण्याजोगे काही तिच्यावर असावे, यासाठी संघटनेच्या सदस्यांनी आपापल्या दवाखान्यात व दुकानात हे साधे बदल करून पाहावेत, ही नम्र विनंती.